सिंदखेडचे जाधव : एका वतनाचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातलं साखरखेर्डा हे गाव हिंदुस्थानच्या इतिहासात दोनदा ठळकपणे येतं. पहिल्यांदा ऑक्टोबर १७२४ मध्ये. इथल्या शिवारात निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली आणि तिच्यातून हैदराबादच्या निजामाचं राज्य उभं राहिलं. दुसऱ्यांदा डिसेंबर १७५७ च्या अखेरीस. सिंदखेडच्या लढाईनंतर पेशवे आणि निजाम यांच्यात तह ठरला, तो इथेच. दोन्ही वेळा लढणारे बाहेरून आलेले होते. पण ज्या मुलखात ही भांडणं निवाड्याला आली, त्या मुलखाला आपलं घर म्हणणारं एक घराणं तिथे आधीपासून नांदत होतं. ते म्हणजे सिंदखेडचे जाधव.

या घराण्याची आठवण आपण बहुधा एकाच नात्यानं काढतो, जिजाऊंचं माहेर म्हणून. दर १२ जानेवारीला सिंदखेड राजाला लाखोंची गर्दी होते, तीही याच नात्यानं. त्या नात्याचं मोल कमी करण्याचं काहीच कारण नाही. पण त्यापायी जाधवांचा स्वतःचा इतिहास झाकला जातो. अडीचशेहून अधिक वर्षं एका लहानशा मुलखावर पकड ठेवणारं, पाच-सहा सत्तांच्या उलथापालथीतून तगलेलं हे घराणं होतं. ते तगलं कसं, हे नीट समजून घेतलं तर मध्ययुगीन महाराष्ट्र कसा चालत होता याचा बराच उलगडा होतो.

आधी जागा पाहू. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं वऱ्हाडाचे दोन भाग पडतात. खाली पूर्णा नदीचं सपाट, काळ्या मातीचं खोरं, म्हणजे पाईनघाट. वर पठार, म्हणजे बालाघाट. सिंदखेड, साखरखेर्डा, मेहकर, देऊळगाव राजा ही सगळी वरची गावं. खानदेश आणि बऱ्हाणपुराकडून दख्खनच्या पठारावर चढायचं तर या डोंगरातले घाट ओलांडावे लागत. म्हणून फौजा इथून जात आणि इथेच एकमेकींना भिडत. रोहिणखेडला १४३७ मध्ये लढाई झाली, पुन्हा १५९१ मध्ये झाली. साखरखेर्डा आणि सिंदखेड त्याच माळेतले पुढचे मणी.

आता यात सोळाव्या शतकाच्या अखेरीचं राजकारण घाला. १५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबीबीनं मुघलांशी तह केला आणि वऱ्हाड अकबराकडे गेलं. मुघलांनी खाली बाळापूरला लष्करी ठाणं बसवलं. वर दौलताबाद आणि जालन्याच्या बाजूला अहमदनगरची निजामशाही टिकून होती. सिंदखेड या दोन सत्तांच्या बरोब्बर शिवेवर आलं. मेहकर मुघलांच्या हिशेबी वऱ्हाड सुभ्यातलं एक ‘सरकार’ म्हणजे विभाग, आणि तिथून दौलताबादेकडे जाणाऱ्या वाटेवर जाधवांचं घर. शिवेवरच्या माणसाला दोन्ही बाजूंची गरज असते आणि दोन्ही बाजूंना त्याची. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव यांच्या आयुष्यातली जी गोष्ट आजच्या वाचकाला खटकते, म्हणजे त्यांनी वारंवार केलेला पक्षबदल, तिचं मूळ या भूगोलात आहे.

जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या आरंभी संपली आणि लखुजींचं नाव ठळकपणे येतं ते सोळाव्याच्या उत्तरार्धात. मधल्या अडीचशे वर्षांचा सलग दुवा कागदांतून जोडणं अवघड आहे. पण हा वारसा त्या काळातही मानला जात होता आणि त्यामुळे घराण्याला सोयरिकीत व दरबारात वजन होतं, एवढं नक्की.

सिंदखेडची देशमुखी जाधवांकडे कशी आली, याची एक कथा परंपरेनं चालत आली आहे. आधी ही देशमुखी मुळे आडनावाच्या घराण्याकडे होती. एका दांडग्या शत्रूनं त्या घराण्याची कत्तल केली. त्यातून वाचलेल्या एका गरोदर विधवेनं लखुजींकडे दाद मागितली, लखुजींनी त्या मारेकऱ्याचा निकाल लावला आणि देशमुखी त्यांच्याकडे आली. तिचा तपशील जसाच्या तसा धरू नये. पण वतन हातात येण्याच्या ज्या वाटा त्या काळी होत्या, तलवार, आश्रय आणि वरच्या सत्तेची सनद, त्या तिन्ही या कथेत आहेत. म्हणून ती मला महत्त्वाची वाटते.

वतन म्हणजे काय, हे इथे थांबून सांगायला हवं, कारण जाधवांचा सगळा इतिहास त्याच एका खुंटीला बांधलेला आहे.

गावाला पाटील आणि कुलकर्णी, तसे परगण्याला देशमुख आणि देशपांडे. परगणा म्हणजे पन्नास-शंभर, कधी त्याहूनही जास्त गावांचा समूह. देशमुखानं महसूल गोळा करून सरकारात भरायचा, लागवड वाढवायची, ओसाड गाव पुन्हा वसवायचं, चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करायचा, सीमेचे तंटे तोडायचे. त्याबदल्यात त्याला महसुलातला ठरलेला वाटा, काही इनाम जमीन, आणि लग्नकार्यात, सणावारी मानपान मिळायचा. हे सगळं वंशपरंपरेनं. बाप गेला की मुलाकडे. ते वाटून घेता यायचं, गहाण टाकता यायचं, विकताही यायचं. वतन जाणं म्हणजे घराण्याचं नावच पुसलं जाणं, असं मानलं जाई. म्हणून वतनाच्या तंट्यांत पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडलेलं दिसतं.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट होती, ती म्हणजे चाकरी. सुलतानाकडून फौज बाळगण्यासाठी गावांचा महसूल तोडून मिळे, तो मोकासा. मुघलांकडे गेल्यास दर्जा आणि घोडेस्वारांच्या आकड्यात मोजलेली मनसब मिळे. या दोन्ही गोष्टी मर्जीच्या. धनी खूश असेपर्यंत चालायच्या, रुसला की जायच्या. लखुजींसारख्या सरदाराच्या हातात दोन्ही प्रकार असत. पायाखाली वतन आणि डोक्यावर चाकरी. डोक्यावरचं बदलता येतं. पायाखालचं सोडता येत नाही. हा भेद लक्षात ठेवला की लखुजींचा प्रत्येक निर्णय कळू लागतो.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या जर्मनीत, अशीच छोटी घराणी नांदत होती. पवित्र रोमन साम्राज्य म्हणवणाऱ्या त्या साम्राज्यात तीनशेहून जास्त लहानमोठ्या सत्ता होत्या. त्यांतल्या अनेक ‘ग्राफ’ म्हणजे काउंट या दर्जाच्या सरदारांच्या. एखादा किल्ला, दोन-चार छोटी शहरं, काही डझन खेडी, एवढाच त्यांचा पसारा. लखुजी ऐन उमेदीत असताना, १६१३ मध्ये, लिप्पे नावाच्या अशाच एका मुलखाचा काउंट सहावा सिमॉन मेला आणि मुलांमध्ये मुलूख वाटला गेला. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात या छोट्या घराण्यांना सम्राट आणि त्याचे विरोधक यांच्यामधून वाट काढावी लागली, कधी याच्या तर कधी त्याच्या बाजूनं. लखुजींची धामधूम नेमकी याच वर्षांतली.

साम्य इथपर्यंत आहे. फरक यापुढे सुरू होतो आणि तो मोठा आहे. जर्मन काउंटला साम्राज्याच्या सभेत, इतर काउंटांबरोबर मिळून का होईना, मत होतं. तंटा झाला तर साम्राज्याचं न्यायालय होतं. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहानं तर अशा सत्तांना बाहेरच्यांशी करार करण्याचा हक्कही दिला, फक्त सम्राटाविरुद्ध नको एवढीच अट. सिंदखेडच्या देशमुखाला असं कोणतंही छत नव्हतं. प्रत्येक नव्या सत्ताधीशाकडून सनद नवी करून घ्यायची, आणि ती मान्य व्हावी म्हणून मागे स्वतःची फौज उभी ठेवायची. त्याचं संरक्षण कायद्यात नव्हतं, त्याच्या उपयोगात होतं.

लखुजी किती उपयोगी होते, हे त्यांच्या बांधकामांवरून दिसतं. सिंदखेड राजाला गेलेले बहुतेक लोक राजवाडा पाहून परततात. जिजाऊंचा जन्म इथेच, १२ जानेवारी १५९८ रोजी झाला असं मानलं जातं. ते दर्शन घ्यावंच. पण गावात आणखी दोन-तीन तास फिरावं. मोती तलावाची दगडी भिंत पाहावी, चांदणी तलावाच्या मधोमध उभी असलेली मजल्यांची इमारत पाहावी, दगडात माणसं-प्राणी कोरलेली पुतळा बारव पाहावी, सजना बारव पाहावी. पाऊस बेभरवशाचा असलेल्या पठारावर एवढं पाणी अडवणं आणि साठवणं हे मोठ्या वस्तीचं, बाजारपेठेचं आणि मोठ्या घोडदळाचं लक्षण आहे. हजारो घोड्यांना रोज पाणी लागतं. तलाव नसता तर ती फौज इथे उभी राहिलीच नसती. काळाकोट या अवाढव्य जाडीच्या भिंतींच्या कोटातही तोच आवाका दिसतो. माझ्या मते जाधवांच्या सत्तेचा सगळ्यात खरा पुरावा या बारवा आणि तलाव आहेत. वाड्यापेक्षाही.

लखुजींची पत्नी म्हाळसाबाई. मुलगे चार: दत्ताजी, अचलोजी, रघोजी आणि बहादुरजी. भाऊ जगदेवराव. मुलगी जिजाबाई, जिचं लग्न १६०५ च्या सुमारास वेरूळच्या मालोजी भोसल्यांच्या शहाजीशी झालं. रंगपंचमीच्या दिवशी लहानग्या शहाजी-जिजाऊंनी एकमेकांवर रंग उधळला, लखुजी सहज काही बोलून गेले आणि मालोजींनी तेच वचन धरलं, ही गोष्ट बखरींमुळे घराघरांत पोचली आहे. बखरकाराला कथा रंगवायची हौस असते, तेव्हा ती तेवढ्यापुरतीच घ्यावी. जाधव त्या वेळी भोसल्यांपेक्षा मोठे होते, ही त्या कथेतली खरी माहिती.

निजामशाहीचा खरा कारभारी त्या काळी मलिक अंबर होता. मराठा सरदारांची चपळ घोडदळं हे त्याचं मोठं बळ, आणि हेच सरदार डोईजड होऊ नयेत ही त्याची कायमची चिंता. १६१६ मध्ये त्याच्यावर नाराज झालेले काही सरदार बाळापूरला मुघल सेनापती शाहनवाझखानाला जाऊन मिळाले. त्यांत लखुजी जाधवही होते. पाठोपाठ रोशनगावच्या लढाईत मलिक अंबरचा पराभव झाला. पुढची काही वर्षं ही ये-जा चालूच राहिली. १६२१ च्या सुमारास लखुजी पुन्हा मुघलांकडे गेले, तेव्हा जाधव कुटुंबाला मिळून चोवीस हजारांची मनसब आणि पंधरा हजार घोडेस्वार असा दर्जा मिळाला. दख्खनच्या एका घराण्यासाठी हा आकडा फार मोठा आहे. शिवेवरच्या घराण्याला मुघल काय किंमत मोजायला तयार होते, ते यावरून कळतं.

याच काळातली आणखी एक घटना कवींद्र परमानंदानं ‘शिवभारत’ या काव्यात सांगितली आहे. निजामशाहाचा दरबार उठला, सरदार आपापल्या लव्याजम्यासह बाहेर पडू लागले आणि गर्दीत खंडागळे सरदाराचा हत्ती उधळला. त्यानं माणसं तुडवायला सुरुवात केली. दत्ताजी जाधव त्याला आवरायला पुढे झाले. भोसल्यांपैकी काही जण हत्तीच्या बाजूनं उभे राहिले. शब्दानं शब्द वाढला आणि तलवारी निघाल्या. दत्ताजी ठार झाले. मुलगा पडल्याचं कळताच लखुजी धावून आले. त्यांच्या हातून जिजाबाईंचे दीर संभाजी भोसले मारले गेले, आणि मधे पडलेले त्यांचे जावई शहाजी जखमी झाले. एका हत्तीवरून दोन सोयऱ्या घराण्यांत रक्त सांडलं. जिजाबाईंच्या बाजूनं याकडे पाहिलं की मन सुन्न होतं. भाऊ सासरच्या माणसांकडून गेला, दीर वडिलांच्या हातून गेला आणि नवरा घायाळ होऊन घरी आला. १६२४ मध्ये भातवडीला मलिक अंबरनं मुघल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजेला धूळ चारली, तेव्हाही शहाजी निजामशाहीकडून लढत होते आणि लखुजी समोरच्या बाजूला होते.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. निजामशाहीचा तोल गेला. लखुजी पुन्हा निजामशाहीकडे वळले. का वळले, याचा अंदाज बांधता येतो. मुघल सत्ता जहांगीरच्या अखेरच्या आजारपणात आणि वारसाच्या भांडणात अडकली होती आणि सिंदखेडच्या सर्वांत जवळचा दरबार दौलताबादचाच होता. पण ज्या माणसानं वारंवार बाजू बदलली त्याच्यावर तरुण सुलतान बुऱ्हाण निजामशाहाचा विश्वास बसला नाही. दरबारात हमीदखानासारखे कान भरणारे होते.

२५ जुलै १६२९. लखुजी मुलांसह दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्याला गेले. मुजरा झाल्यावर सुलतान उठून आत गेला आणि दबा धरून बसलेल्या माणसांनी त्यांना घेरलं. लखुजी, अचलोजी, रघोजी आणि नातू यशवंतराव तिथेच मारले गेले. एका दुपारी एका घराच्या तीन पिढ्या कापल्या गेल्या. म्हाळसाबाई दौलताबादजवळच्या छावणीत होत्या. बातमी कळताच जगदेवराव, बहादुरजी आणि उरलेल्या माणसांसह त्यांनी सिंदखेडची वाट धरली. जिजाबाई त्या वेळी गरोदर होत्या. पुढच्या फेब्रुवारीत, १९ तारखेला, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला.

सुलतानाला वाटलं असेल की डोईजड सरदार संपला. प्रत्यक्षात संपली निजामशाही. जगदेवराव आणि बहादुरजी मुघलांकडे गेले. शहाजींनीही निजामशाही सोडली. मराठा सरदारांचा त्या दरबारावरचा विश्वास उडाला. १६३२ मध्ये बुऱ्हाणशहा स्वतःच्याच वजिराच्या हातून, मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याच्याकडून, मारला गेला. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि १६३६ मध्ये निजामशाहीचं नाव नकाशावरून गेलं. सिंदखेडची देशमुखी मात्र जाधवांकडेच राहिली.

सिंदखेडची लखुजींची समाधी या आघातानंतरची. घुमटाची, भव्य, दुरूनही नजरेत भरणारी ही इमारत लखुजींची आणि त्यांच्या कुळातल्या पुरुषांची आठवण आहे. कर्त्या पुरुषांची पिढीच्या पिढी गेलेल्या घरानं एवढं बांधकाम उभं केलं, यात घराणं अजून उभं आहे हे सांगण्याचा निश्चय दिसतो. २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्यानं या समाधीच्या परिसरात उत्खनन केलं, तेव्हा जमिनीखाली जुन्या मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची देखणी दगडी मूर्ती मिळाली. मूर्ती जाधवांच्या कितीतरी आधीची आहे. नीळकंठेश्वराचं प्राचीन मंदिरही गावात आहेच. म्हणजे लखुजींनी माळरानावर गाव वसवलं असं नव्हे. जुन्या, नांदत्या जागी ते येऊन बसले.

यानंतर घराण्याला फांद्या फुटल्या. सिंदखेडबरोबर देऊळगाव राजा, आडगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा अशी या पट्ट्यातली गावं आजही नावापुढे ‘राजा’ लावतात. लिप्पेच्या काउंटांचं जे झालं तेच इथे झालं. थोरल्याला सगळं देण्याची रीत नव्हती, त्यामुळे वाटण्या झाल्या. वाटणीनं घर मोडत नाही, पण मोठी फौज उभी करण्याची ताकद जाते. लखुजींच्या काळी जो आवाका होता, तो सिंदखेडच्या थोरल्या घराला पुन्हा कधी आला नाही.

तो आवाका आला एका दुसऱ्या फांदीला, आणि तोही वतनापासून लांब जाऊन. दौलताबादला मारल्या गेलेल्या अचलोजींचा मुलगा संताजी याला जिजाबाईंनी स्वतःजवळ वाढवलं. संताजीचा मुलगा शंभुसिंह, आणि शंभुसिंहाचा मुलगा धनाजी. हेच स्वराज्याचे सेनापती धनाजी जाधव, ज्यांनी संताजी घोरपड्यांच्या बरोबरीनं औरंगजेबाच्या फौजांना दख्खनभर पळवलं. सिंदखेडची थोरली पाती मुघलांच्या चाकरीत होती, तेव्हा धाकट्या पातीतला हा पुरुष मुघलांविरुद्ध लढत होता. १७०७ मध्ये खेडच्या लढाईत धनाजींनी शाहूंचा पक्ष घेतला आणि साताऱ्याची गादी शाहूंना मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढच्याच वर्षी ते वारले.

धनाजींचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला, पण त्याचं बाळाजी विश्वनाथाशी पटेना. बाळाजी हा धनाजींच्या हाताखाली वाढलेला कारभारी. शिकारीतल्या एका हरणाच्या निमित्तानं भांडण पेटलं, असं सांगतात. १७११ मध्ये चंद्रसेनानं शाहूंची बाजू सोडली आणि पुढे निजामुल्मुल्काच्या आश्रयाला जाऊन भालकीची जहागीर मिळवली. इकडे १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवा झाला. मराठी राज्याचा कारभार सेनापतीकडून पेशव्याकडे सरकला, त्या वळणावर एक जाधव उभा आहे.

आता साखरखेर्ड्याकडे येऊ.

निजामुल्मुल्क १७२२ मध्ये दिल्लीला वजीर झाला होता. बादशहा महंमदशहाच्या दरबारातल्या कारस्थानांना कंटाळून तो १७२३ च्या अखेरीस तिथून निघाला आणि दख्खनकडे वळला. बादशहाला हे नको होतं. हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याला दख्खनचा सुभा देण्याचं आमिष दाखवून निजामाविरुद्ध उभं केलं गेलं. निजामानं वाटेत, मे १७२४ मध्ये, माळव्यातल्या नालछा इथे तरुण बाजीराव पेशव्याची भेट घेतली. नंतर औरंगाबादला येऊन त्यानं पत्रव्यवहारात वेळ काढला आणि तेवढ्यात फौज जमवली. मुबारिझखान हैदराबादहून निघून औरंगाबादच्या रोखानं येत होता. पावसाळा सरत आला होता. साखरखेर्ड्याजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. निजामाची तोफखान्याची तयारी चांगली होती आणि बाजीरावाचं मराठी घोडदळही त्याच्या बाजूनं होतं. ११ ऑक्टोबर १७२४ ला लढाई झाली. मुबारिझखान लढता लढता पडला, त्याचे दोन मुलगेही पडले.

त्या एका दिवसानं पुढच्या सव्वादोनशे वर्षांचा नकाशा आखला. निजाम नावाला बादशहाचा सुभेदार राहिला, पण दख्खनमध्ये त्याला आदेश देणारं कोणी उरलं नाही. बादशहानंही परिस्थिती मान्य केली आणि १७२५ मध्ये त्याला ‘आसफजाह’ हा किताब दिला. बाजीरावाला मोठी मनसब मिळाली. पण बाजीरावाची खरी कमाई वेगळी होती. निजामाची फौज कशी चालते, तोफा कशा मांडते, कुठे अडते, हे त्यानं जवळून पाहिलं. साडेतीन वर्षांनी पालखेडला त्यानं निजामाला तोफांपासून तोडून, पाण्यावाचून कोंडलं, त्यामागे साखरखेर्ड्याचा अनुभव असणार असं मला वाटतं. निजामानं विजयाची खूण म्हणून गावाला ‘फत्तेखेर्डा’ नाव दिलं. सरकारी कागदांत ते बराच काळ राहिलं. लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिलं.

जाधवांसाठी या लढाईचा अर्थ असा की त्यांचा मुलूख आता निजामाच्या अमलाखाली आला. आणि शीव पुन्हा त्यांच्या दारातून गेली, या वेळी निजाम आणि मराठे यांच्यामधली. १७५७ मध्ये तेच घडलं. चंद्रसेनाचा मुलगा रामचंद्र जाधव निजामाकडचा सरदार. निजामाच्या घराण्यातल्या निजामअलीला सामील व्हायला तो येत असताना मराठ्यांनी त्याला सिंदखेडला गाठलं. नानासाहेब पेशव्यानं मुलगा विश्वासरावाला मोहिमेवर पाठवलं होतं, प्रत्यक्ष लढणाऱ्यांत दत्ताजी शिंदे होते. आपल्या पूर्वजांच्या गावात जाधव वेढला गेला होता. निजामअली त्याला सोडवायला औरंगाबादहून धावला. डिसेंबरच्या मध्यावर चार-पाच दिवस झुंज झाली. निजामअलीनं रामचंद्राला सोडवलं खरं, पण स्वतःच घेरला गेला. मग साखरखेर्ड्याला बोलणी झाली. पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला मराठ्यांना द्यायचं ठरलं.

यात सिंदखेडच्या रयतेचं काय झालं, हे तहाच्या कलमांत शोधून सापडत नाही. पण अंदाज करता येतो. चाळीस-पन्नास हजारांची फौज आठ दिवस एका परगण्यात राहिली की उभं पीक, कडबा, पेवातलं धान्य, सगळं संपतं. डिसेंबर म्हणजे ज्वारी उभी असण्याचे दिवस.

१८०३ मध्ये पुन्हा तसंच. २३ सप्टेंबरला जवळच्याच असईला आर्थर वेलस्लीनं शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढच्या वर्षी तो या भागातून जाताना सिंदखेडजवळ मुक्कामाला होता. लोक शेकड्यांनी उपाशी मरत आहेत, गावात चोरांचा सुळसुळाट आहे आणि मदत करणारं सरकारच नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्याच सुमारास, १८०३ ते १८०६ या काळात, नेपोलियनच्या दबावाखाली जर्मनीतली बहुतेक छोटी घराणी शेजारच्या मोठ्या राज्यांत विरघळवली गेली. त्यांच्या सत्ता गेल्या, पण जमिनी, वाडे आणि पदव्या बहुतांशी त्यांच्याकडे राहिल्या. हे सगळं लेखी करारानं झालं.

जाधवांचं तसं झालं नाही. १८५१ मध्ये घराण्यातले बाजीराव जाधव यांच्या पदरी असलेल्या अरब शिपायांची निजामाच्या फौजेशी लढाई झाली आणि त्यापायी घराण्याची वंशपरंपरागत मालमत्ता जप्त झाली. अरब शिपाई बाळगणं ही तेव्हा निजामाच्या मुलखात सर्रास चाल होती. त्यांचा पगार थकला की ते धन्यालाच ओलीस धरत, आणि अशा फौजा मोडून काढणं हे निजामाच्या इंग्रज सल्लागारांचं धोरण होतं. दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामानं वऱ्हाडच इंग्रजांच्या ताब्यात दिलं. इंग्रजांनी जमीनमोजणी केली, शेतकऱ्याच्या नावावर सारा बसवला आणि वसुलीचं काम तहसीलदाराकडे सोपवलं. देशमुख हवा कशाला, हा प्रश्नच उरला नाही. निजामशहा, मुघल, आसफजाह, पेशवे या सगळ्यांना देशमुखाची गरज होती, कारण गावापर्यंत पोचणारी त्यांची स्वतःची यंत्रणा नव्हती. इंग्रजांकडे ती होती.

देऊळगाव राजाच्या फांदीकडे एक गोष्ट राहिली. सतराव्या शतकात जगदेवराव जाधवांनी तिथे बालाजीचं मंदिर उभारलं. आश्विनातली त्याची यात्रा वऱ्हाड आणि मराठवाड्यात मोठी मानली जाते. लाकडी खांब उभारून होणारा मंडपोत्सव पाहायला लांबलांबून माणसं येतात, नवस फेडतात. त्या देवस्थानाचं वंशपरंपरागत विश्वस्तपद अजूनही राजे जाधव घराण्याकडे आहे.